आधी वार ठरवा, चित्रपट मग

ताई, तुम्ही लिहिलंय की परभणीत वेगळे चित्रपट लागतच नाहीत, चुकून लागले तर तीन दिवसांत उतरतात. म्हणून दहा-बारा जण मिळून महिन्याला एक निवडक चित्रपट दाखवायचा विचार आहे. पहिल्या सहा महिन्यांत काय लावावं आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. नांदेडला आम्ही काही मंडळी नऊ वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चित्रपटांची यादी करायच्या आधी वार ठरवा. आपल्याकडे आठवडी बाजाराची जाहिरात कुणी करत नाही, तरी पंचक्रोशीतला माणूस पिशवी घेऊन येतो, कारण वार पक्का असतो. आम्ही पहिलं वर्ष प्रत मिळेल आणि हॉल रिकामा असेल तसा खेळ लावला. दुसऱ्या दिवशी फोन यायचे, 'काल होता का? सांगायचं की राव!' मग महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा, असं ठरवलं आणि एकदाही मोडलं नाही. दीड वर्षानं लोक चित्रपटाचं नाव न विचारता येऊ लागले. सहाही महिन्यांचे खेळ एकाच कागदावर छापा आणि वाचनालय, कॉलेज, एसटी स्टँडजवळची चहाची हॉटेलं, अशा ठिकाणी लावा.

सुरुवात 'संत तुकाराम'नं करा. दामले-फत्तेलालांचा, प्रभात फिल्म कंपनीचा, 1936 चा. शेगावची पालखी परभणीवरून जाते, त्याच महिन्यात लावा. जुना, काळापांढरा, कोण बघणार, असं तुमच्यातलाच कुणीतरी म्हणेल. आमच्याकडेही म्हणाले होते. त्या दिवशी पुढच्या सतरंजीवर मुदखेडकडच्या चार-पाच म्हाताऱ्या बसल्या होत्या, टाळ पिशवीतच होते. विष्णुपंत पागनीसांनी पहिला अभंग धरला आणि त्यातल्या एकीनं पिशवीतून टाळ काढून हलकेच मांडीवर ठेवले. वाजवले नाहीत, नुसता हात ठेवून बसल्या. पुढे जिजाई देवावर चिडते तेव्हा शेजारणीला म्हणाल्या, 'बाई खरंच बोलायलीय गं.' व्हेनिसच्या महोत्सवात 1937 साली या चित्रपटाचा गौरव झाला होता, हे मी सुरुवातीला माइकवर सांगितलं होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पण त्या खेळानंतर नाव नोंदवायला वहीच कमी पडली.

त्याच कंपनीचा 'धर्मात्मा' (1935) त्यानंतर ठेवा. पैठणच्या एकनाथांची गोष्ट आणि नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. आधी नाव 'महात्मा' होतं. गांधीजींकडे बोट जातं म्हणून सेन्सॉरनं हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं. अस्पृश्यतेवरचा चित्रपट आहे, त्यामुळे नंतरची चर्चा तासभर चालेल, हॉलवाल्याला तसं आधीच सांगून ठेवा.

'मंथन' (1976) घ्याच. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला, दूध सहकारावरचा श्याम बेनेगलांचा चित्रपट. जुनी प्रत दुरुस्त करून 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली, नंतर देशातल्या चित्रपटगृहांतही लागली. प्रत मागताना तीच मागा, रंग आणि आवाज दोन्ही सुधारलेत. त्या दिवशी जिल्ह्यातल्या दूध संस्थांच्या लोकांना मुद्दाम बोलवा, समीक्षकाची गरज पडणार नाही.

नव्यांपैकी 'पाणी' तर आपल्या घरचाच. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची, तिथल्या हनुमंत केंद्रेंच्या पाण्याच्या कामाची गोष्ट आहे. 'स्थळ' मुलींच्या कॉलेजला धरून ठेवा. जयंत सोमलकरांचा हा चित्रपट 2023 साली टोरोंटोच्या महोत्सवात गाजला. गोष्ट विदर्भातल्या गावची असली तरी पाहुण्यांसमोर बसवून नाव, शिक्षण, उंची विचारणं आपल्याकडेही तेच. आमच्या खेळाला मुली सुरुवातीला हसत होत्या, तिसऱ्यांदा तेच प्रश्न आले तेव्हा हॉलमध्ये नुसता पंख्यांचा आवाज राहिला. 'सबर बोंडं' सहाव्या महिन्यात, लोकांचा तुमच्यावर विश्वास बसल्यावर. रोहन कानवडेंच्या या चित्रपटाला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. दोन पुरुषांच्या प्रेमाची इतकी मायेनं सांगितलेली मराठी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. घाबरून तो गाळू नका.

आता परवानगीचं. घरच्या ओटीटीच्या लॉगिनवरून हॉलमध्ये दाखवणं चालत नाही, डीव्हीडी विकत घेतली म्हणूनही नाही. निर्मात्याची लेखी परवानगी घ्या. स्वतंत्र चित्रपट करणारी मंडळी बहुतेक वेळा परवडेल असं मानधन सांगतात, कधी स्वतः यायलाही तयार होतात. आपल्या कायद्यात चित्रपटाच्या हक्काची मुदत प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असते, म्हणून प्रभातचे जुने चित्रपट मोकळे झालेत. पण चांगली प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी बोलावं लागतंच.

मल्टिप्लेक्सचा सकाळचा खेळ भाड्यानं घेणार असाल तर माझा अनुभव ऐका. थिएटरात चित्रपट डीसीपीच्या, म्हणजे थिएटरसाठीच्या डिजिटल प्रतीच्या, हार्ड डिस्कवर येतो आणि त्याला कुलूप असतं. त्याची डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक वेळेपुरतीच चालते. एकदा वितरकानं आम्हाला शेजारच्या पडद्याची किल्ली पाठवली. साठ माणसं पॉपकॉर्न घेऊन बसलेली, पडदा काळा, वितरकाचा फोन बंद. सव्वा तासानं सगळ्यांचे पैसे परत केले. लोहारा आणि किनवटहून आलेल्यांची तोंडं मला अजून आठवतात. तेव्हापासून आदल्या रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर आम्ही पहिली दहा मिनिटं चालवून बघतो, आणि त्यासाठी किल्लीची वेळ आदल्या रात्रीपासूनची मागून घेतो.

साधा हॉल असेल तर खर्च पडद्याआधी आवाजावर करा. पत्र्याखाली संवाद घुमतात, मागच्या भिंतीला जुन्या गोधड्या टांगल्या तरी फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये शाळेच्या मैदानावर अंधार पडल्यावर लावा. आणि गावाकडे खेळ नेणार असाल तर दिवाळीनंतर नेऊ नका, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं.

हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, तुमच्यातले चार जण तिकडे पाठवा. पुढच्या सहा महिन्यांची यादी तिथंच निम्मी होते, दिग्दर्शकही समोर भेटतात.

पालखीच्या महिन्यात पहिला खेळ हवा असेल तर हॉलचं आणि 'तुकाराम'च्या प्रतीचं पत्र याच आठवड्यात टाका. आमच्याकडचा परवानगीपत्राचा मराठी नमुना हवा असेल तर सांगा, पाठवतो.