व्यसन ही ज्याची त्याची निवड असेल, तर सरकारने मध्ये का पडावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "कुणी कुणाच्या तोंडात बाटली ओतत नाही, पिणारा आपल्या मर्जीने पितो, मग दारू-गांजावर नियम कशाला?" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकत आलेय. आमचे मामा बोलतात. खर्रा घोटता घोटता बोलतात.

विदर्भाबाहेरच्यांना सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून एकजीव होईपर्यंत घासायचं, त्याला खर्रा घोटणं म्हणतात. मामा दिवसाला पाच-सहा पुड्या सहज संपवतात. त्यांना विचारलं तर खर्रा हे व्यसन नाही, "टाइमपास हाये". व्यसन म्हणजे माझ्या दादाची दारू. "मनात आनलं त सुटते. मानूस कमजोर हाये, बाकी काही नाई."

दादाचं चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारीतली तार उपसून नवी भरायची, टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजत. सकाळी नऊला त्याचे हात इतके थरथरायचे की स्लॉटमध्ये तार बसायची नाही. अर्धा पव्वा पोटात गेला की हात स्थिर. गिऱ्हाइकं म्हणायची पिऊन काम करतो. आम्हाला माहीत होतं, न पिता त्याला कामच करता येत नव्हतं. यात मर्जी कुठे बसते ते तुम्हीच सांगा.

1 एप्रिल 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. आईने त्या दिवशी शिरा केला होता. पहिले काही महिने घर खरंच शांत होतं. मग दादाला रस्ता सापडला. पाटाळ्याचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, पुढे वणी, तिथे दुकानं उघडी. नंतर तर जायचीही गरज उरली नाही, फोन केला की माल शटरखालून आत यायचा. भाव दुप्पट. दादाचं पिणं तेवढंच राहिलं, फक्त आधी स्कूटर गेली आणि मग वाइंडिंगचं मशीन.

2016 च्या मे महिन्यात मी लेकाला घेऊन माहेरी गेले होते. मामा आले आणि त्यांनी फर्मान काढलं, चार दिवस कोंडा, आपोआप सुटते. मागच्या खोलीत कूलर लावला, माठ ठेवला, बादली ठेवली. दादा स्वतःच आत गेला, हे मुद्दाम सांगते. "लाव कुलूप" म्हणाला. किल्ली माझ्या छल्ल्यात होती. तेव्हा मीही मामांच्याच बाजूची होते.

पहिल्या दिवशी उलट्या आणि घाम. आम्हाला वाटलं, निघतेय दारू अंगातून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर धडधड आवाज आला. डोकं आपटत होतं. फिट होती ती. मामा ओसरीवरून म्हणाले, "नाटकं हायेत, उघडू नको." मी उघडलं नाही.

तिसऱ्या रात्री खिडकीतून पाहिलं तर दादा खाटेवर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होता. दोन बोटांच्या चिमटीत एक तार धरायची, डाव्या हाताच्या बोटांवर गुंडाळायची, मोजायचं. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. तार नव्हतीच. मध्येच दुकानातल्या पोराला दटावत होता, "टर्न चुकवला ना तू, उकल सगळं." ते पोरगं वर्षभरापूर्वीच काम सोडून गेलं होतं. अंगाला हात लावला तर भट्टी.

रात्री दोनला ऑटो मिळवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "एकदम बंद कोणी केली?" मी गप्प. त्या म्हणाल्या, "दारूनं मरायला त्याला अजून काही वर्षं लागली असती. तुम्ही या आठवड्यातच उरकत होता."

नंतर दादानेच मला ते त्याच्या भाषेत समजावलं. सिरीज मोटरवरचा लोड अचानक काढला तर ती सुसाट पळते आणि स्वतःला फोडून घेते. मेंदूचं तसंच. दारू त्याला रोज दाबून ठेवते, म्हणून तो रोज जास्त जोर लावायला शिकतो. दारू एकदम काढली की तो सगळा जोर मोकाट सुटतो. आधी फिट, दोन-तीन दिवसांनी भ्रम आणि ताप, वेळेत उपचार नाही झाले तर मरण. म्हणून दवाखान्यात शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात आणि जीवनसत्त्व बी-1 ची इंजेक्शनं देतात. तुमच्या घरात कुणी रोज भरपूर पिणारा असेल तर कृपा करून त्याला कोंडू नका. बाकीचं उत्तर नाही वाचलं तरी चालेल.

आता निवड. पहिला पेला दादाने निवडला, मान्य. आयटीआयच्या होस्टेलवर चौघांनी एकाच बाटलीतून सुरुवात केली होती. त्यातला एक आज शिक्षक आहे, धुळवडीला दोन पेग घेतो आणि विसरून जातो. निवड चौघांची सारखीच, पण आमचे आजोबा दारूनेच गेले होते आणि शिक्षकाच्या घरात कुणी नव्हतं. व्यसनात अनुवंशाचा वाटा निम्म्याच्या आसपास धरतात. तो कुणी कधी निवडला?

मामांचा इंजिनिअर मुलगा मला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिएतनाम युद्धाचा दाखला पाठवतो. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुतेक अमेरिकन सैनिक मायदेशी परतल्यावर सुटले, पहिल्या वर्षात जेमतेम पाच टक्के पुन्हा अडकले. अमेरिकन संशोधक ली रॉबिन्स यांचा अभ्यास आहे आणि तो खरा आहे. पण बाळा, ते सैनिक युद्ध सोडून हजारो मैल लांब आले होते. दादा दवाखान्यातून सुटला आणि त्याच चौकात, त्याच शटरखाली येऊन बसला. तुझा अभ्यास तर माझीच बाजू घेतोय: आसपास काय मिळतं आणि किती सहज मिळतं, यावर बरंच काही ठरतं. नियम म्हणूनच हवेत.

पण नियम म्हणजे बंदी नव्हे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला आजही परवाना लागतो. बारमध्ये कुणाला विचारलेला पाहिलाय? गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि खर्रा प्रत्येक पानठेल्यावर आहे. मला दुकानांची संख्या, वेळ, किंमत आणि वय यावर कडक पहारा हवा, आणि तालुक्याला दारू सोडवायच्या खाटा हव्यात. एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांत एकाला कसला तरी उपचार मिळतो. बाकीच्या सदतिसांच्या घरी मामा असतात.

गांजाबद्दल तुम्ही विचारलंय, त्यात मला अनुभव नाही. एवढं सांगते, 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात सेवनालाही शिक्षा आहे, पण आपणहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं कलम 64-अ सुद्धा आहे. ते किती घरांना माहीत असतं? दारू-ड्रग्जमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजारात धरल्या आहेत.

आमच्या घरात यावर एकमत नाही, हेही लिहायला हवं. 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बायका दारूबंदीसाठी चालत गेल्या, त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. 2021 मध्ये बंदी उठली तेव्हा आई रडली. तिच्या हिशेबात ते शांत महिने अजून जमा आहेत. शिवाय मर्जी अगदीच नसते असंही नाही. दादा दोनदा घसरला, पण गेली सहा वर्षं रोज सकाळी वहिनीसमोर गोळी घेतो. ती घ्यायची की नाही हे तोच ठरवतो. फक्त हे ठरवायची ताकद त्याला औषधांनंतर आली, कुलपानंतर नाही.

मामांचं तोंड आता दोन बोटांएवढंही उघडत नाही. गेल्या दिवाळीत भात कालवून भरवावा लागत होता. दातांच्या डॉक्टरने खर्रा आजच्या आज सोडा म्हणून सांगितलंय. ओसरीवर बसून मला म्हणाले, "सुटत नाई वो बाई, लय करून पायलं."

मी म्हटलं, "मनात आणा मामा."

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दादा मात्र उठला, आणि त्यांच्या खिशातली पुडी न काढता त्यांच्या शेजारी जाऊन बसला.