त्या चहाचं काय?

"ताई, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण आमच्या ढोल-ताशा पथकाची प्रमुख आहे. ताशा अप्रतिम वाजवते, पण नव्या मुलांवर सगळ्यांसमोर ओरडते. कुणाचा हात चुकला की टिपरू काढून घेते. गेल्या गुरुवारी बोटांना टेप गुंडाळलेला एक पोरगा ढोल खाली ठेवून गेला, तो परत आलाच नाही. (बाकीच्यांना मी नेहमीसारखं टपरीवर नेऊन समजावलं.) मैत्री न तुटता तिला कसं सांगू? मोठा मेसेज लिहून ठेवलाय, पाठवायचा धीर होत नाही."
– के., गंगापूर रोड, नाशिक

के., तुझी मैत्रीण तापट आहे हे कळलं. मी अडकले ते कंसापाशी. 'नेहमीसारखं'!

किती वर्षं चाललाय गं हा चहा? तिने ओरडायचं आणि तू मागोमाग कटिंग पाजून म्हणायचं, "मनावर घेऊ नका, ती मनाने चांगली आहे." पोरं दुसऱ्या दिवशी हजर. मग तिला वाटणारच, आपलं ओरडणं लागू पडतंय. तिच्या ओरडण्याचं बिल तू परस्पर भागवतेस. वर पोरांच्या लेखी ती खाष्ट आणि तू गोड. खरं सांग, हे थोडं आवडतं ना तुला? मला तिच्यापेक्षा तुझाच राग आलाय.

ताशाची लय सुटली की मागचे सगळे ढोल भरकटतात. तेव्हा शेजारचा ताशेवाला तिथल्या तिथे डोळ्याने खुणावतो. ढोलवाल्यांची समजूत घालायला मिरवणूक संपायची वाट बघत नाही. अनंत चतुर्दशीला वाकडी बारवेपासून निघालात की वाटेत कुठली टपरी आणि कुठला चहा? त्या गर्दीत, दमलेल्या पोरांसमोर तिचा पारा चढला तर काय करशील?

तो मेसेज पुसून टाक. रात्री अकराला ती एकटी वाचेल, चार जणींना पाठवेल आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट ओरडेल. त्यापेक्षा उद्या सरावाच्या तासभर आधी तिला गोदाघाटावर बोलाव. आधी स्वतःचं कबूल कर: "तुझ्यामागे मी पोरांची समजूत घालत आले आणि तुला कधी बोलले नाही." मग फक्त गुरुवारचं सांग. टेप लावलेली बोटं, हातातून गेलेलं टिपरू, बघत उभं असलेलं अख्खं पथक. 'सगळे म्हणतात' हे शब्द तोंडातून काढू नकोस, नाहीतर ते सगळे कोण हे हुडकण्यातच तिचा महिना जाईल.

ती चिडेल. चिडू दे. चार दिवस फोन येणार नाही असं धरूनच चाल.

आणि उद्याच्या सरावात परत ओरडा झाला, तरी टपरीकडे वळायचं नाही. पोरं सवयीने तुझ्याकडे बघतील. त्यांना सांग, "तिच्याशीच बोला." त्या गेलेल्या पोरालाही तू फोन करू नकोस, तो तिनेच करायचाय.