वाचकांचे प्रश्न : टॉवरचे चोरीला गेलेले अँगल

प्रश्न : आमच्या बांधाला लागून मोबाइलचा टॉवर आहे. खालच्या टप्प्यातले दोन-तीन बारीक अँगल कोणीतरी खोलून नेले. टॉवर उभाच आहे. काळजी करावी का? (एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : हो, आणि पावसाळ्याआधी तर नक्कीच. वारा नसताना पायांवर फारसा भार नसतो, म्हणून टॉवर उभा दिसतो. वादळात वाऱ्याकडचे पाय उपटू पाहतात, पलीकडचे दाबले जातात. बारीक अँगल स्वतः थोडाच भार घेतात. दाबाखालचा पाय मधेच वाकू नये म्हणून ते त्याला धरून ठेवतात.

समजा पाय 100 × 100 × 10 मिमी अँगलचा आहे आणि दर 1.2 मीटरवर धरलेला आहे. या लांबीला अँगलच्या किमान परिभ्रमण त्रिज्येने (अँगल वाकायला किती विरोध करतो याचं माप, इथे 19.4 मिमी) भागलं तर 62 येतात. हा आकडा जितका मोठा, तितका पाय दाबाखाली सहज वाकतो. मधला आधार गेला की लांबी 2.4 मीटर होते आणि आकडा 124 वर जातो. आयएस 802 या पोलादी टॉवरच्या भारतीय मानक संहितेत पायांसाठी या आकड्याची मर्यादा 120 आहे. त्याच संहितेच्या सूत्राने साध्या पोलादाच्या पायाची दाब पेलण्याची ताकद जवळपास 40 टक्क्यांनी घटते. एक किरकोळ तुकडा, पण परिणाम एवढा!

टॉवरच्या पाटीवरचा साइट क्रमांक आणि फोटो जोडून कंपनीला लेखी कळवा. स्वतः चढू नका. गावातल्या वेल्डरकडून सळई जोडून घेणं तर मुळीच नको. पोलादावरचा जस्ताचा संरक्षक थर जळतो आणि तिथूनच गंज धरतो. ड्रॉइंगप्रमाणे त्याच मापाचा गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेला) अँगल, वारा नसलेल्या दिवशी, एका वेळी एकच बसवावा. भोकं जुळत नसतील तर ठोकून जुळवू नये. पाय हलला असण्याची शक्यता असते, आधी तो तपासावा. खालच्या टप्प्यात चोरीरोधक नट लावावेत.

प्रश्न : बोल्टखालून तांबूस ओघळ येतात. टॉवर गंजला का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : बहुधा बोल्टवरचं जस्त संपलंय, बोल्ट बदलावा. अँगलवरची पांढरी भुकटी मात्र जस्ताचीच असते, तिची एवढी चिंता नको. 5 मिमी किंवा जाड पोलादावर दर चौरस मीटरला 610 ग्रॅम, म्हणजे सुमारे 86 मायक्रॉन जस्त अपेक्षित असतं. खाऱ्या हवेत ते लवकर झिजतं. खरा धोका पाय काँक्रीटमध्ये शिरतो तिथे असतो. काँक्रीटच्या माथ्याला बाहेर उतार नसेल तर पाणी साचतं. तिथली माती काढा, असं कंपनीला आवर्जून सांगा. गंज तारेच्या ब्रशने घासून वर जस्तयुक्त रंग द्यावा लागतो.