रक्ताची भीती वाटते, तरी ईएमटी होता येईल का?

रक्त बघून कसंतरी होतं, तरी ईएमटीचा, म्हणजे रुग्णवाहिकेतून जाऊन तातडीचे उपचार करणाऱ्याचा, कोर्स करू का आणि त्यात सगळ्यात अवघड काय, असं विचारलंय तुम्ही. रक्ताचं फार मनावर घेऊ नका. जखमेवर दाब धरायचा असतो, बघत बसायचं नसतं. हात कामाला लागले की बहुतेकांचं भागतं.

कोर्समध्ये सगळ्यांना धास्ती सीपीआरची, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहण्याची. तो सरावाने येतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, ६ च्या पुढे नको. दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमल्यावर दाब उथळ पडतो आणि देणाऱ्याला ते कळतही नाही.

खरी कसोटी विचारपुशीत. घरात शिरलात की चार नातेवाईक एकदम बोलायला लागतात. समजा लकव्याचा पेशंट आहे: तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, हे तुम्हाला दिसतंच. "कधीपासून?" म्हटलं की उत्तर येतं, "आत्ताच, अर्धा तास झाला." अर्ध्या तासापूर्वी त्यांच्या ते लक्षात आलं, एवढंच! म्हणून विचारायचं, "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?" मग निघतं की रात्री झोपायला गेले तेव्हा ठीक होते, त्यानंतर कुणी पाहिलंच नाही. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि हे तास त्या "ठीक होते" पासून धरतात. त्यामुळे तुमच्या कागदावरची वेळ बिनचूक हवी. साखरही तपासायची, साखर उतरलेला पेशंट कधीकधी हुबेहूब लकवा मारल्यासारखा दिसतो. आणि गोळ्यांची पाकिटं सरळ सोबत घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे त्या गडबडीत कुणाला धड सांगता येत नाही.

आणखी एक. श्वास न मोजता "मिनिटाला १८" लिहून टाकायची खोड फार लवकर लागते. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवा आणि छातीकडे बघून मोजा. आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो.

पाठ सांभाळा. अरुंद जिन्यावरून पेशंट उतरवताना गुडघ्यातून वाका, जोडीदाराशी बोलत उचला, जड वाटलं तर निमूट तिसरा माणूस बोलवा. ड्युटी सुरू होताना ऑक्सिजन सिलिंडरचा काटा आणि सक्शन मशीन (तोंडातली उलटी, लाळ ओढून काढणारं) स्वतः बघायचं, आधीच्या पाळीने "सगळं ओके" सांगितलं तरी.

फी भरण्याआधी संस्थेला एकच विचारा: रुग्णवाहिकेत आणि कॅज्युअल्टीत प्रत्यक्ष किती तास काम करायला मिळेल? नुसत्या पुतळ्यावर शिकवून सर्टिफिकेट देत असतील, तर दुसरी संस्था बघा.