एकटीसाठी तवा कशाला तापवू?

प्रश्न : मुलगा पुण्यात, हे दोन वर्षांपूर्वी गेले. एकटीसाठी स्वयंपाक नको वाटतो. चहा-खारीवर भागवते. कशातच मन रमत नाही.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आई गेल्यावर मीही महिनाभर भडंगावर काढला. आपल्या सांगलीचं भडंग कितीही झणझणीत असलं तरी ते जेवण नव्हे! मग एकदा डब्यातलं शाळूचं पीठ संपवायचं म्हणून एकच भाकरी थापली. आचेवर टाकली तशी टम्म फुगली आणि मला उगाचच हसू आलं. त्याच तव्यात मिरच्या, लसूण, शेंगदाणे भाजले, तांब्याच्या बुडानं खर्डा रगडला. पोटभर जेवले, किती दिवसांनी!

रोज चारीठाव नको. एकच भाकरी करा, पण ताटात वाढून घ्या. दळण किलोभरच आणा. पीठ जुनं झालं की भाकरी चिरते. चिरलीच तर उकळत्या पाण्यात मळा. शिवाय गिरणीत चार माणसं भेटतात. कृतज्ञतेची वही लिहा, असं मी सांगणार नाही. मला ती आठवडाभरही जमली नाही. आईची परात तेवढी रोज वापरते.

आणि खर्डा शेजारी द्याल तेव्हा झाकून न्या, वासानंच ठसका लागतो.