एकच माल, दोन शीर्षके : उत्पादन शुल्कातील वर्गीकरणाचे वाद (जुलै २०१७ मध्ये जीएसटी येण्याआधीच्या मालाबाबत)

प्रश्न : आमच्या दंतमंजनाला आयुर्वेदिक औषधाचा परवाना होता, तरी खात्याने ते प्रसाधन ठरवून जादा शुल्क मागितले. हे योग्य आहे का?

उत्तर : परवाना हा पुरावा आहे, पण तेवढ्यावर निकाल लागत नाही. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाबाबत नागपूर आयुक्तालयाशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला, दुसऱ्यांदाचा निकाल २००९ चा, आणि दोन्ही वेळा ते औषध नसल्याचे ठरले. कारण घटकद्रव्ये आयुर्वेदाच्या ग्रंथांतील असली, तरी सामान्य ग्राहक ते रोज दात घासायला घेतो, दुखण्यावर इलाज म्हणून नव्हे. मात्र प्युमा आयुर्वेदिक हर्बलच्या २००६ च्या निकालात ग्रंथोक्त घटक आणि ग्राहकांची समजूत या दोन्ही कसोट्यांवर काही उत्पादने औषधे ठरली. त्यामुळे वैद्यांची आणि विक्रेत्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा करा, आणि डबीवर काय छापले होते ते आधी तपासा. किती दिवस, किती मात्रेत, कोणत्या विकारावर हे तिथे लिहिलेले नसेल, तर बाजू लंगडी पडते.

प्रश्न : खोबरेल तेल लहान बाटलीत भरले की ते केशतेल होते का?

उत्तर : केवळ बाटली लहान म्हणून होत नाही. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्याने हा प्रश्न त्रिसदस्यीय पीठापुढे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला : शुद्ध खोबरेल तेल शुल्काच्या दरपत्रकातील शीर्षक (मालाचा क्रमांकित गट) १५१३ मध्ये खाद्यतेलच राहते, केशतेलाच्या ३३०५ मध्ये न्यायचे तर दरपत्रकाच्या प्रकरण ३३ च्या टिपेनुसार वेष्टनच केसांच्या वापरासाठी असल्याचे दिसले पाहिजे. घरोघरी लोक ते डोक्याला लावतात, एवढे पुरत नाही. मला हा निकाल रास्त वाटतो, कारण दरपत्रकाचे शब्द आणि टिपा आधी वाचायच्या, बाजारातली समजूत त्यानंतर, हा क्रम त्याने राखला.

प्रश्न : मागच्या पाच वर्षांच्या जादा शुल्काची मागणी आली आहे. शीर्षक चुकल्याचे सिद्ध कोणी करायचे?

उत्तर : खात्याने. गरवारे नायलॉन्सच्या १९९६ च्या निकालात हे स्पष्ट आहे. शिवाय पाच वर्षे मागे जाण्यासाठी फसवणूक, माहिती दडवणे किंवा शुल्क चुकवण्याचा हेतू दाखवावा लागतो. विवरणपत्रांत मालाचे वर्णन उघड दिले असेल, तर निव्वळ मतभेदाला लपवाछपवी म्हणता येत नाही. जुन्या दराने माल विकून बसलेल्या लहान कारखानदाराला तो फरक ग्राहकांकडून आता वसूल करता येत नाही, म्हणून कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तरात मुदतीचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडाच. पहिल्या अपिलासाठी वादातील शुल्काच्या साडेसात टक्के रक्कम भरावी लागते, आणि त्यापुढच्या अपील न्यायाधिकरणानंतर वर्गीकरणाचा प्रश्न उच्च न्यायालयाकडे न जाता थेट सर्वोच्च न्यायालयात जातो.