वय झालं म्हणून सोडून देऊ नका

‘ताई, आम्ही पारोळा तालुक्यात राहतो, कपाशीची शेती आहे. सासरे ७२ वर्षांचे. सासूबाई गेल्यापासून आप्पा पारावर जात नाहीत, ताट अर्धं तसंच ठेवतात, पहाटे तीनलाच उठून बसतात. सारखं पोटात आग, पायात जीव नाही. गावातले डॉक्टर सलाईन लावतात, दोन दिवस बरं जातं. यजमान म्हणतात, वय झालं, चालायचंच. परवा आप्पा म्हणाले, “आते मनं काय काम शे?” काय करू?’
– एक सून

तुमच्या यजमानांचं मला पटत नाही. वयाने गुडघे दुखतात, नजर कमी होते. पण भूक मरणं, पहाटेच जाग येणं, माणसांत मन न रमणं हे वयाच्या खात्यावर टाकता येत नाही. असं दोन आठवड्यांच्या वर चाललं की नैराश्याची शंका घ्यावी. जुनी माणसं ‘उदास वाटतं’ म्हणत नाहीत, पोट आणि पाय दाखवतात. २०१७-१८च्या ‘लासी’ या ज्येष्ठांच्या तब्येतीच्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरातल्या साधारण आठांमध्ये नैराश्य आढळलं, पण डॉक्टरांनी तसं निदान केलेले शंभरात एकही भरत नव्हते.

सलाईनने बरं वाटतं, कारण तेवढा वेळ कुणीतरी उशाशी बसतं, असा माझा अंदाज. ते सलाईन थांबवा. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर तपासून घ्या, चालू गोळ्यांची पाकिटंही दाखवा. त्यातूनही असं होतं. मग मानसोपचारतज्ज्ञ. जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. त्यांनी दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच सोडू नका. चक्कर आली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर डॉक्टरांना लगेच कळवा. या वयात अशा गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं.

एक काम मात्र आजच करा. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. आणि आप्पांना सरळ विचारा, ‘जगणं नकोसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

‘आप्पा, तुम्ही बसा’ हेही बंद करा. प्रेमापोटी आपण म्हाताऱ्यांच्या हातातलं सगळंच काढून घेतो. वेचणीच्या दिवसांत काटा आणि वही त्यांच्याकडे द्या. मजुरी किलोवर असते, पावशेर इकडेतिकडे झालं तरी बाया भांडतात. तेव्हा लुटुपुटीचं काम दिलंय असं त्यांना वाटणार नाही. अर्थात हे गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे.

‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ हा शब्द घरात कुणी काढेलच. तुम्ही ‘झोपेचं दाखवायला जाऊ’ म्हणा, ते खोटंही नाही. आणि यजमानांना गाडीपाशी थांबू देऊ नका, डॉक्टरांसमोर आत बसवा.